स्टारड्यू व्हॅलीचं पहिलं वर्ष: नव्या खेळाडूसाठी पहिल्या सकाळपासून

स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा व्हिडिओ गेम सुरू केला की पहिल्याच सकाळी समोर येतं ते झाडं, दगड, ओंडके आणि गवतानं गच्च भरलेलं पडीक रान. शहरातली नोकरी सोडून तुम्ही आजोबांच्या शेतावर राहायला आलेले असता. पाच अवजारं असतात, ५०० गोल्ड (खेळातले पैसे) असतात आणि गावचा महापौर लुईस भेट म्हणून पार्सनिप या गाजरासारख्या कंदाच्या १५ बिया ठेवून गेलेला असतो. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा लगेच कुऱ्हाड उचलली आणि सगळं रान एका दिवसात मोकळं करायला निघालो. दुपार व्हायच्या आत पात्राचा दम संपला आणि उरलेला दिवस रखडत चालण्यात गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असा आठवडा गेल्यावर हिशेब मांडला तेव्हा कळलं की या खेळात सुरुवातीला टंचाई असते ती दमाची. पैसा त्यामागून येतो.

हा लेख त्या हिशेबावरच उभा आहे. स्टारड्यू व्हॅली २६ फेब्रुवारी २०१६ रोजी आली. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चार वर्षांहून जास्त काळ खपून ती बनवली: चित्रं, संगीत, संवाद, प्रोग्रॅमिंग, सगळं त्याचंच. कॉम्प्युटरवर २ जीबी रॅमवर चालते, त्यामुळे घरातला जुना लॅपटॉपही पुरतो. फोनवरही मिळते. मराठीत नाही, म्हणून दुकानांची आणि वस्तूंची नावं मी खेळात दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत.

सुरू करण्याआधी दोन-तीन गोष्टी

शेताचे वेगवेगळे नकाशे निवडायला मिळतात. पहिल्या वेळी पहिलाच, स्टँडर्ड फार्म घ्या. नदीकाठचं शेत किंवा समुद्रकिनारा दिसायला सुरेख असतो, पण तिथे लागवडीची जमीन कमी मिळते किंवा तिला काही अटी असतात. मोकळ्या जमिनीवर चुका करायला जागा असते.

ऑप्शन्समध्ये जाऊन ‘ऑलवेज शो टूल हिट लोकेशन’ ही खूण चालू करा. अवजार नेमकं कुठल्या चौकोनावर पडणार ते त्यामुळे दिसतं. हे चालू नसलं की भरल्या वाफ्यात टिकाव पडतो आणि उगवलेलं रोप जातं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दिवसाचा खेळ जतन होतो तो पात्र झोपल्यावर. दुपारी खेळ बंद केलात तर तो दिवस सकाळपासून पुन्हा खेळावा लागतो. फोनवर मध्येच सोडण्याची सोय आहे, तरी झोपूनच बंद करायची सवय लावा.

दिवस किती मोठा, दम किती

दिवस सकाळी ६ ला सुरू होतो आणि रात्री २ ला संपतो. खेळातली १० मिनिटं म्हणजे आपले साधारण ७ सेकंद, म्हणजे अख्खा दिवस जेमतेम १४ मिनिटांचा. एकट्यानं खेळताना पिशवी किंवा मेन्यू उघडला की घड्याळ थांबतं, तेव्हा विचार करायचा असेल तर मेन्यू उघडून निवांत करा. रात्री २ पर्यंत घरी पोचला नाहीत तर पात्र जिथे असेल तिथे कोसळतं आणि जवळच्या पैशातले १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १,००० गोल्ड जातात. बाराच्या पुढे झोपलात तरी दुसऱ्या दिवशी दम पूर्ण भरत नाही. म्हणून अकरा वाजले की घराकडे वळा.

आता दम. सुरुवातीला तो २७० असतो. कुदळीचा एक घाव २, झारीनं एका चौकोनाला पाणी २, कुऱ्हाडीचा किंवा टिकावाचा प्रत्येक घाव २, आणि गळ एकदा टाकला की ८. विळ्याला काहीच लागत नाही. समजा तुम्ही ४० रोपं लावली. पहिल्या दिवशी जमीन खणायला ८०, पाणी घालायला ८०, मिळून १६० गेले. पुढे रोज सकाळी ८० नुसत्या पाण्यात जाणार, म्हणजे दिवस सुरू होता होता जवळपास तिसरा हिस्सा संपला. झाडं तोडायला, खाणीत उतरायला, मासे धरायला मग उरतं काय?

माझं मत असं, की पहिल्या आठवड्यात २५ रोपांच्या पुढे जाऊ नका. पाणी घालून उरलेला दम लाकूड आणि दगड जमवण्यात घाला. दम शून्यावर कधीच नेऊ नका, कारण मग पात्र थकून रखडत चालतं आणि दुसरा दिवसही अर्ध्या दमानं सुरू होतो. खायला काही हाताशी ठेवा. वसंतात जंगलात आणि रस्त्याकडेला डॅफोडिल, डँडेलियन, लीक, जंगली हॉर्सरॅडिश आपोआप उगवलेलं मिळतं. शेताच्या दक्षिणेकडे सिंडरसॅप फॉरेस्ट आहे, त्याच्या खालच्या टोकाला स्प्रिंग अनियन, म्हणजे कांद्याची पात असते. तिला विकून फार येत नाही. ती खाण्यासाठीच ठेवा. १५ ते १८ तारखेला झुडपांवर सामनबेरी लगडतात. या चार दिवसांत दिसेल ते प्रत्येक झुडूप हलवत फिरा, खाणीसाठी महिनाभराची शिदोरी होते.

पहिला आठवडा, दिवसागणिक

खेळातल्या वर्षात २८-२८ दिवसांचे चार ऋतू असतात: वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा. आपल्या पावसाळ्याला तिथे वेगळी जागा नाही. पाऊस हिवाळा सोडून तिन्ही ऋतूंत अधूनमधून पडतो, आणि पडला की त्या दिवशी पाणी घालायची मेहनत वाचते. घरातला टीव्ही रोज सकाळी लावा, उद्याचं हवामान कळतं.

१ तारखेला घरासमोरचा थोडा तुकडा साफ करून १५ पार्सनिप लावा. मग गावात पिएरच्या दुकानात जा. ५०० गोल्डमध्ये मी असं बियाणं घेतो: एक फ्लॉवर (८०), एक घेवडा (६०) आणि सात बटाटे (प्रत्येकी ५०). दहा गोल्ड उरतात. एवढं नेमकं का, ते पुढे कम्युनिटी सेंटरच्या भागात येईल. घेवडा मांडवावर चढतो आणि त्यातून चालता येत नाही, म्हणून तो वाफ्याच्या कडेला लावा. एकूण २४ रोपं झाली, रोजचा पाण्याचा खर्च ४८. उरलेल्या दमात लाकूड तोडून ५० जमलं की पेटी बनवा. पिशवीत बाराच घरं असतात आणि ती पहिल्याच दिवशी भरतात.

२ तारखेला टपालात विली कोळ्याचं पत्र येतं. किनाऱ्यावर जाऊन त्याच्याकडून गळ घ्या. मासे धरणं सुरुवातीला अवघड वाटतं. हिरवी पट्टी माशावर ठेवायची असते. बटण दाबून ठेवलं की ती वर जाते, सोडलं की खाली येते. दाबून धरण्यापेक्षा टकटक करत तिला तोलून धरायचं. विलीकडे २५ गोल्डला ट्रेनिंग रॉड मिळतो, त्यानं पट्टी मोठी होते आणि सोपेच मासे लागतात. हात बसेपर्यंत तो वापरावा. एका गळाला ८ दम जातो हे लक्षात ठेवा, पण पहिल्या आठवड्यात बियाण्यासाठी पैसा येतो तो मुख्यतः माशांतूनच.

३ तारखेला हमखास पाऊस असतो. पाणी घालायचं नाही, तेव्हा दिवस नदीवर घालवा. हा बुधवार असतो आणि बुधवारी पिएरचं दुकान बंद. वारांचं हे भान ठेवा: रॉबिन सुतारीण मंगळवारी भेटत नाही, मार्नीकडून जनावरं सोमवारी-मंगळवारी मिळत नाहीत, आणि क्लिंट लोहार ४ ला दुकान बंद करतो. गावभर चालत जाऊन बंद दारापाशी उभं राहण्यात अर्धा दिवस जातो.

५ तारखेला पार्सनिप तयार होतात. पंधराही काढले की शेतीची पहिली पातळी मिळते आणि बुजगावणं बनवता येतं: ५० लाकूड, १ कोळसा, २० तंतू. आठ चौकोनांपर्यंत चहूबाजूंना ते कावळ्यांपासून पीक राखतं. पार्सनिप ३५ ला विकला जातो. एक साधा ठेवा, आणि सोनेरी चांदणीचे, म्हणजे वरच्या दर्जाचे आले तर तेही ठेवा. बाकीचे घराशेजारच्या विक्रीच्या पेटाऱ्यात टाका. रात्रीत पैसे जमा होतात.

कम्युनिटी सेंटर, आणि एक वेगळी पेटी

५ तारखेपासून पाऊस नसलेल्या दिवशी सकाळी ८ ते दुपारी १ च्या मध्ये बसस्टॉपकडून गावात शिरलात की लुईस तुम्हाला एका मोडकळलेल्या इमारतीत नेतो. हे कम्युनिटी सेंटर. आत ठरलेल्या वस्तूंचे संच भरून द्यायचे असतात आणि प्रत्येक खोली पुरी झाली की गावात काहीतरी दुरुस्त होतं. बॉयलर रूम पुरी केली की खाणीच्या गाड्या चालू होतात, व्हॉल्ट पुरी केली की वाळवंटाकडे जाणारी बस, आणि पॅन्ट्री पुरी केली की तुमच्या शेतावरचं मोडकं काचघर उभं राहतं. त्यात बाराही महिने कुठलंही पीक येतं. पहिल्या वर्षात एकच ध्येय ठेवायचं तर हे काचघर ठेवा.

पॅन्ट्रीतला वसंत पिकांचा संच म्हणजे पार्सनिप, फ्लॉवर, घेवडा आणि बटाटा, प्रत्येकी एक. म्हणून पहिल्या दिवशीची ती खरेदी. उन्हाळ्यासाठी टोमॅटो, हॉट पेपर, ब्लूबेरी, मेलन. शरदासाठी मका, वांगं, लाल भोपळा, याम. आणखी एका संचात पार्सनिप, मेलन, भोपळा, मका यांपैकी तीन पिकं सोनेरी चांदणीची, प्रत्येकी पाच लागतात. त्यासाठी जमिनीत पेरण्याआधी खत घालायला लागा.

नव्या खेळाडूचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. मिळालेली पहिली वस्तू विकली जाते आणि ऋतू उलटून गेल्यावर कळतं की ती संचात हवी होती. मग पुढच्या वर्षापर्यंत थांबा. यावर उपाय म्हणजे एक पेटी वेगळ्या रंगाची करा आणि प्रत्येक नव्या पिकाचा, माशाचा, रानफळाचा पहिला नग त्यात ठेवा. कितीही पैशाची नड असली तरी त्या पेटीला हात लावू नका. शुक्रवारी आणि रविवारी सिंडरसॅप जंगलात फिरत्या व्यापारीणबाईची गाडी येते, तिच्याकडे कधी कधी हुकलेली वस्तू मिळून जाते, पण महाग.

गावात जोजामार्ट नावाचं मोठं दुकान आहे. ५,००० गोल्ड भरून त्याचं सभासद झालात तर हीच कामं नुसत्या पैशानं होतात, आणि कम्युनिटी सेंटर कायमचं जातं. पहिल्या वेळी तो रस्ता घेऊ नका असं मी मनापासून सांगेन, कारण संच भरताना तुम्ही शेती, खाण, मासेमारी, जनावरं सगळं शिकता.

खाण

५ तारखेलाच डोंगरावरची खाण उघडते. एकूण १२० मजले, आणि दर पाचव्या मजल्यावर लिफ्ट. म्हणजे एका दिवसात पाच मजले उतरलात तरी ती मेहनत वाया जात नाही, पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं. जिना दगडांखाली लपलेला असतो. सगळे दगड फोडायची गरज नाही. जिना दिसला की खाली जा. वरच्या ३९ मजल्यांत तांबं, ४० पासून लोखंड, ८० पासून सोनं.

तांब्याचं कच्चं धातूखनिज मिळालं की क्लिंट घरी येऊन भट्टी शिकवतो. २० खनिज आणि २५ दगड यांत ती तयार होते. पाच खनिज आणि एक कोळसा घातला की तांब्याची एक वीट. पाच विटा आणि २,००० गोल्ड दिले की क्लिंट एक अवजार सुधारून देतो, त्याला दोन दिवस लागतात. आधी टिकाव सुधारा, खाण त्यानंच झटपट होते. झारी द्यायची ती उद्या पाऊस असल्याचं टीव्हीनं सांगितलं त्या दिवशी. आधी सकाळी पाणी घाला, मग झारी क्लिंटकडे द्या, उद्या पाऊस पाणी घालेल, परवा झारी परत.

खाणीत जाताना खायला न्या आणि पिशवीत जागा ठेवा. जीव संपला तर पैसे आणि काही वस्तू हरवतात, म्हणून तब्येतीची पट्टी निम्म्यावर आली की आधी खा, मग खाणीतल्या राक्षसांशी लढा.

१३ तारीख: स्ट्रॉबेरी

वसंताच्या १३ तारखेला एग फेस्टिव्हल असतो आणि तिथे स्ट्रॉबेरीचं बियाणं १०० गोल्डला मिळतं. आठ दिवसांत पहिला तोडा, मग दर चार दिवसांनी. फळ १२० ला जातं. त्या रात्री लावलीत तर २१ आणि २५ ला असे दोन तोडे मिळतात. आठवडाभर आधीपासून पैसे राखून ठेवा.

एक युक्ती आहे. जत्रेहून घरी पोचेपर्यंत रात्रीचे १० वाजतात. म्हणून त्या दिवशी सकाळीच मोकळी जमीन खणून तिला पाणी घालून ठेवा. रात्री फक्त बी टाकायचं. ओल्या जमिनीत पडलेलं बी त्याच दिवसाचं धरलं जातं.

उन्हाळा आणि शरद

ऋतू बदलला की आधीची बहुतेक पिकं एका रात्रीत वाळतात, तेव्हा बी घेताना किती दिवसांचं पीक आहे आणि ऋतूचे किती दिवस उरलेत हे मोजा. उन्हाळ्यात ब्लूबेरी लावा. ८० चं बी १ तारखेला लावलं तर १४, १८, २२ आणि २६ ला तोडा येतो, दर तोड्याला तीन फळं, ५० प्रमाणे एका रोपाचे ६००. शरदात तेच काम क्रॅनबेरी करते. बी २४० चं, पण ८ तारखेपासून पाच तोडे, दोन-दोन फळं, ७५ प्रमाणे ७५०. भोपळा १३ दिवसांचा, त्यामुळे महिन्यात दोनदा निघतो.

एवढ्यात शेतीची पातळी वाढून स्प्रिंकलर बनवता येतो. दुसऱ्या पातळीचा साधा स्प्रिंकलर चारच चौकोन भिजवतो. माझ्या मते सहाव्या पातळीच्या क्वालिटी स्प्रिंकलरची वाट पाहावी. तो भोवतालचे आठ चौकोन भिजवतो. असे सहा बसवले की ४८ रोपांचं पाणी सुटलं, म्हणजे रोजचा ९६ दम मोकळा झाला. चौथ्या पातळीला मुरंब्याच्या बरण्या, म्हणजे प्रिझर्व्हज जार येतात. फळाच्या मूळ किमतीची दुप्पट आणि वर ५०, म्हणजे ५० ची ब्लूबेरी जेली होऊन १५० ला जाते.

कोंबड्या घेण्याआधी सायलो

घरची जनावरं म्हणजे खेळाचा सर्वांत गोड भाग, आणि घाई होते तीही इथेच. खुराडं ४,००० गोल्ड, ३०० लाकूड, १०० दगड. रॉबिन तीन दिवसांत बांधते. पण त्याच्या आधी सायलो, म्हणजे वैरणीची कोठी बांधा: १०० गोल्ड, १०० दगड, १० चिकणमाती, ५ तांब्याच्या विटा. सायलो असेल तरच विळ्यानं कापलेल्या गवताची वैरण साठते. नसेल तर कापलेलं गवत नुसतं वाया. म्हणून सुरुवातीला रान साफ करताना गवताला हात लावू नका.

एका जनावराला रोज एक पेंढी लागते. उन्हाच्या दिवसांत दार उघडं ठेवलं की ती बाहेर चरतात, पावसात आणि हिवाळ्यात घरचीच वैरण. चार कोंबड्यांना हिवाळ्याचे २८ दिवस काढायला ११२ पेंढ्या हव्यात. एका सायलोत २४० मावतात. शरद संपण्याआधी शेतातलं सगळं गवत कापून तो भरून घ्या. कोंबड्यांना रोज कुरवाळायला विसरू नका, त्यांची माया वाढली की मोठी अंडी येतात.

माणसं

गावकऱ्यांशी रोज बोला, आठवड्यातून दोन भेटी द्या. एका माणसाला एका दिवशी एकच. वाढदिवसाच्या भेटीचं मोल आठपट, आणि वाढदिवस पिएरच्या दुकानाबाहेरच्या कॅलेंडरवर असतात. शेतातल्याच गोष्टी पुरतात: चिडखोर जॉर्ज आजोबांना लीक फार आवडतो, पॅमला पार्सनिप, मारूला फ्लॉवर, ॲबिगेलला खाणीतला ॲमेथिस्ट. लग्नाचा विचार पहिल्या वर्षी डोक्यात ठेवू नका. गप्पा मारत राहा, लोक आपापल्या गोष्टी हळूहळू सांगतात, आणि त्या ऐकण्यासारख्या आहेत. डोंगरावर तंबूत राहणाऱ्या लायनसकडे तर नक्की जा.

हिवाळा

बाहेर नेहमीची पिकं येत नाहीत. हा महिना खाणीत खोल उतरायला, अवजारं सुधारायला आणि मासे धरायला वापरा. झारीला आता काम नसतं, ती निर्धास्त क्लिंटकडे द्या.

आणि एग फेस्टिव्हलला थोडं जास्तीचं स्ट्रॉबेरीचं बियाणं घेऊन पेटीत ठेवलं असेल, तर ते बाहेर काढायची वेळ आता आली. दुसऱ्या वर्षीच्या वसंतात १ तारखेला ते लावा. ९, १३, १७, २१ आणि २५ असे पाच तोडे मिळतील.